दिलेल्या लेकीचं पान

माझी मंडळी, माझी बायको, गेली तेव्हापासून देवाचं नाव काढायला जीभ राजी नव्हती. मी दोन बुकं शिकलेला माणूस. मला गोड बोलता येत नाही, देवाशी तर नाहीच. अंबाबाईला मी तोंडावर सांगितलं, तू माझं माणूस नेलंस, आता मला बोलवू नकोस.

पण मंडळीनं मरताना एक मागितलं होतं, ते उरात बसलं होतं. माझी पणजी भागी कोल्हापुरातल्या एका मोठ्या घरात बटीक होती. पेठ वडगावाकडची नवरी आली, तिच्याबरोबर भांडीकुंडी देतात तशी ही पोर आंदण दिलेली. तिच्या लेकाला त्या घरातल्या बापानं कूळ दिलं नाही. म्हणून लग्नात मांडवात पुजायचं कुळाचं झाड, ते देवकसुद्धा आम्ही धन्याच्या घरचंच मांडत आलो. त्यावरून सोयऱ्यांचे टोमणे पिढ्यान्‌पिढ्या बसले, आणि आमच्या पिढीचे सगळे माझ्या मंडळीनं खाल्ले. "नातीच्या लग्नात तरी आपलं देवक मांडा," म्हणाली. "उसनं नको."

नातीचं लग्न दिवाळीनंतर करायचं ठरलं. मी त्या मोठ्या घरी गेलो. संस्थान गेलं होतं, पण तिथल्या म्हाताऱ्या बाईंचा ताठा गेला नव्हता. म्हणाल्या, "आंदणातली ती. तिला कुठलं आलंय गाव?" मग भादव्यात वडगावच्या बाजारात जाऊन मी भेटेल त्याला भागीचं माहेर विचारत फिरलो. एकजण हसून म्हणाला, "पावणं, म्हस हरवली असती तर गावली असती की!" बाकीचेही हसले. दुपारी गावाबाहेर एका झाडाखाली जाऊन बसलो. एवढं एकटं मला मंडळीला पोचवून आलो त्या दिवशीही वाटलं नव्हतं. मनात म्हटलं, आई अंबाबाई, मी हरलो. आता तुझं तू बघ.

शेजारी एक गाडीवान जेवत होता. माझी कोरडी भाकरी बघून त्यानं वरच्या कळंबाचं, म्हणजे कदंबाचं, पान तोडलं आणि त्यावर चटणी देऊ लागला. मी हात आखडला. म्हटलं, "आमच्यात कळंबाच्या पानावर खात न्हाईत. पणजीनं घालून दिलंय."

झाडापलीकडं एक म्हातारी बसली होती. ती वळली. "का खात न्हाईसा?"

"ठावं न्हाई, मावशी."

"अवो, देवक असंल की तुमचं! आमच्या म्हायारातबी कळंबच हाय. पानाला हात लावत न्हाईत."

मी कपाळावर हात मारला. सगळी हयात ती रीत पाळली, पण बटकीलाही देवक असेल हे आमच्याच मनात कधी आलं नाही. दुसऱ्यांनी आम्हाला हलकं धरलं, ते आम्ही खरं मानून बसलो होतो.

म्हातारी माहेरी म्हाळाला निघाली होती. मला म्हणाली, "चला माज्यासंगं." कोसभर चाललो. तिच्या थोरल्या भावाच्या घरी पितरांची पानं वाढली होती, आणि उंबऱ्याशी एक पान वेगळं. कुणाचं म्हणून विचारलं. तो म्हणाला, "दिलेल्या लेकीचं. दुष्काळात आमच्यातली एक पोर नवरीसंगं धाडल्याली म्हणं, परत आली न्हाई. नाव कुणालाच ठावं न्हाई."

मी म्हणालो, "भागी."

त्यानं माझ्याकडं बघितलं. उंबऱ्याशी वाकला आणि म्हणाला, "भागे, जेवाय ये गं."

ती भागी हीच कशावरून, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. नातीच्या मांडवात कळंबाची फांदी पुजली. जिला ती बघायची होती, ती नव्हती. सगळे पांगल्यावर मी एकटाच मांडवात बसून राहिलो. माझ्या पायांनी शोधून गावलं नाही ते हात टेकल्यावर आईनं दिलं. तिचे उपकार मानतो. मंडळी का नेलीस, हे मात्र अजून विचारतो. ती उत्तर देत नाही. मीही आता तिच्यापुढनं उठून जात नाही.