बायोडाट्यातलं फार्महाऊस

"पप्पा, घराचं काय लिहू? बंगलो की रो हाऊस?" मुलीनं आज स्वतःच्या लग्नाचा बायोडाटा भरताना विचारलं, आणि मला पंचवीस वर्षांपूर्वीची दुपार आठवली.

तेव्हा आम्ही चोपड्याजवळ, केळीच्या मळ्यात, पत्र्याच्या दोन खोल्यांत राहायचो. बहिणीच्या, सुमनच्या बायोडाट्यात टायपिस्टनं 'टिन शेड' लिहिलं. मी भडकलो. केळीचा भाव करताना मी माल कधी हलका सांगितला नव्हता, मग बहिणीचं घर कसं सांगणार? मी 'फार्महाऊस' टाइप करून घेतलं.

धुळ्याचे पाहुणे तिला बघायला आले. खोलीत तापलेल्या पत्र्याचा आणि गुळाच्या चहाचा वास होता. मुलाचा मामा छताकडे बघून म्हणाला, "फार्महाऊस कोठे शे, भाऊ? हाऊ तं गोठा शे!" सगळे हसले. दारात सुमन चहाचा ट्रे धरून तशीच थबकली.

आमचे वडील, आबा, उठले, त्यांनी हात जोडले आणि दोष स्वतःवर घेतला. "चूक मनी शे, पाव्हना. मीच लिखाले सांगं."

आबांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं.

पाहुणे चहा न घेता गेले, स्थळ मोडलं. त्या मामावर माझा राग अजून आहे, लग्नकार्यात दिसला तर मी तोंड फिरवतो. पण एकेका रुपयासाठी व्यापाऱ्यांशी भांडणारा मी, त्या दिवशी 'आबा, ते मी लिहिलं' एवढंसुद्धा बोललो नाही. नंतरही नाही. आता आबा नाहीत.