अडुसष्ट नंबरचं गाव

वाशीमचा तक्ता त्या महिन्यात दुसऱ्याच हस्ताक्षरात आला. अकोल्याच्या कचेरीत माझ्या टेबलावर सात ठिकाणांहून पिकांच्या पाहणीचे तक्ते येतात आणि त्यांची बेरीज करून वर पाठवणं हे माझं काम. बाकी सहा ठिकाणचे आकडे मी वाचायचो, वाशीमचे ओळखायचो. पाचाची शेपटी लांब, खालच्या ओळीला टेकलेली, आणि नऊ असा की कोणी पायावर पाय टाकून ओट्यावर बसलंय. त्या दिवशी पाचाला शेपटीच नव्हती. आधी मी चिडलो, तिथला तक्ता भरणाऱ्या किसनभाऊंनी काम कोणावर ढकललं म्हणून. मग शेऱ्याच्या रकान्यात नजर गेली. 'पूर्वीचे कर्मचारी मयत. तक्ता नवीन इसमाने भरला आहे.' पुढे मृत्यूची तारीख होती. तिला बारा दिवस होऊन गेले होते. बारा दिवस हा माणूस जगात नव्हता आणि मी इकडे त्याच्या तक्त्याची वाट पाहत होतो, उशीर झाला म्हणून मनातल्या मनात कुरकुरत होतो... मी बेरीज पुरी केली. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

मी मेडशीचा, माळ्याचा मुलगा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलेलं नाही. मी बी.ए. झालो आणि हे मी आजही मान वर करूनच सांगतो. पास झाल्यावर वाशीमच्या कचेरीत लागलो तेव्हा किसनभाऊ तिथे पंधरा वर्षांचे जुने होते. शिक्षण मॅट्रिक. पहिल्याच दिवशी मी माझी पदवी सांगितली, तर ते म्हणाले, "बरं झालं बाप्पा. आता बेरजा चुकल्या तं इंग्रजीत चुकतीन." त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. "ओ बीए, चाल," असंच. राहायला जागा मिळेना तेव्हा त्यांनीच आपल्या खोलीत माझी वळकटी टाकून घेतली. बायको ऐन तारुण्यात गेलेली, मूल नाही, पुन्हा लग्न केलं नाही. खोलीत एक कंदील, एक सायकल आणि आतून गावांची यादी चिकटवलेलं एक कपाट. घरमालकीण सरूबाई सकाळी भाकरी द्यायची.

आमचं काम लोकांना समजावून सांगणं कठीण. यंदा जवारी एकरी किती झाली हे सरकारला कळायला हवं, आणि सगळी शेतं तर मोजता येत नाहीत. म्हणून कचेरीत आकड्यांचं एक पुस्तक होतं. पानंच्या पानं नुसते आकडे, एकामागे एक, कसलीही संगती नसलेले. डोळे दुसरीकडे ठेवून पानावर बोट टेकवायचं, येईल तो आकडा घ्यायचा, त्यानुसार शेत ठरायचं. मग त्या शेताच्या कोपऱ्यापासून आकडा सांगेल तितकी पावलं लांबीत चालायची, तितकी रुंदीत, आणि तिथे खुंट्या ठोकून तेहतीस फुटांचा चौकोन आखायचा. त्या चौकोनातलं पीक कापायचं, मळायचं, तोलायचं. चांगली जागा निवडायची नाही आणि वाईट टाळायची नाही. यात सगळा मान होता. मालेगावच्या पुढे एका शेतात चौकोन नेमका करपलेल्या तुकड्यावर आला. शेतकरी हात जोडून म्हणाला, "भाऊ, दोन पावलं इकडं सरका ना. इकडं पाहा कशी जवारी हाय."

"आकड्यानं सांगतलं तिथंच," किसनभाऊ म्हणाले.

"आकडा का तुमचा सोयरा लागते?"

"सोयरा असता तं सरकलोच असतो ना बाप्पा."

तो शेतकरी आधी रागावला, मग खो खो हसला, आणि संध्याकाळी हुरडा नसला तरी चहा त्यानं पाजलाच. मी किसनभाऊंबरोबर तीन हंगाम काढले. त्यांनी चौकोन वीतभरही हलवलेला मी पाहिला नाही. तक्ता भरण्याचाही त्यांचा एकच नियम होता. जो गेला त्यानं भरायचं. न जाता रकाना भरणारा माणूस त्यांच्या लेखी चोर होता.

आणि हाच माणूस शनिवारी पाचच्या ठोक्याला दौतीला बूच लावायचा. मी काम घरी न्यायचो. बढतीच्या परीक्षेचं पुस्तकही न्यायचो. ते म्हणायचे, "आकड्याले घरी नोको नेऊ. एकदा घरी आला का पाटावर जेवालेच बसते." मग सोमवारपर्यंत कचेरीचा शब्द नाही. पण त्यांची करमणूकसुद्धा आकड्यांचीच होती, याचं मला फार हसू यायचं. कपाटाच्या दारावर ब्याण्णव गावांची यादी होती. सायकलीनं किंवा मोटारीनं जाऊन दिवस मावळायच्या आत परत येता येईल अशी गावं, प्रत्येकाला नंबर. शनिवारी संध्याकाळी ते डोळे मिटून आकड्यांवर बोट ठेवायचे आणि ज्या गावाचा नंबर येईल तिथे रविवारी जायचे. काम काही नाही, ओळख नाही. जायचं, पाणी प्यायचं, पारावर बसायचं, पाहायचं, यायचं.

त्यासाठी कचेरीचं पुस्तक त्यांनी कधी वापरलं नाही. ते सरकारी कामाचं. त्यातली चार पानं त्यांनी एका वहीत हातानं उतरवून घेतली होती. मी म्हटलं, "भाऊ, नुसतेच तर आकडे आहेत. मनानं लिहिले असते तरी चाललं असतं."

"मनानं लिहिले तं मनाले जिथं जाचं तिथंच जाईन ना ते. मंग बोट कायले ठेवाचं?"

त्याच वहीच्या मागच्या बाजूला तीन रकाने होते. आकडा, गाव, काय पाहिलं. तिसरा रकाना त्यांनी एकदा मला वाचून दाखवला होता. 'विहिरीचं पाणी गोड. म्हातारा भोवरे करतो, विकत नाही.' 'गावात एकही कुत्रं नाही. विचारलं. सांगत नाहीत.' 'बाई म्हणाली, आमच्या गावी पाहुणा कोणी येत नाही, तुम्ही काहून आले? उत्तर देता आलं नाही.' दर रविवारी ते मला विचारायचे, येतोस का. मी पाच वेळा नाही म्हटलं की एकदा हो म्हणायचो. मला वाटायचं, मॅट्रिक माणसाला वेळ घालवणं परवडतं. मला पुढे जायचं होतं.

आता मला माझ्या बापाबद्दल लिहिलं पाहिजे. बाप मेडशीला मोटार थांबते तिथे निंबाखाली वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर घेऊन बसायचा. मी पास झालो तेव्हा तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, "हा माहा पोट्टा. बी.ए. हाय." वांगं घेणाऱ्या बाईलाही सांगायचा आणि नुसता भाव विचारून जाणाऱ्यालाही. एका बाजाराच्या दिवशी, पाच-दहा माणसं उभी असताना, मी त्याच्यावर खेकसलो, "आता बस करा. लोक हासून राह्यले." बापानं तराजू खाली ठेवला आणि पुन्हा उचलला. त्यानंतर दोन वर्षं मी गावी गेलो नाही. कामासाठी अकोल्याला जाताना मोटार त्याच निंबापाशी थांबायची आणि मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून पाहत राहायचो. हे मी किसनभाऊंना सांगितलं नव्हतं. पण एकदा ते माझ्या शेजारी बसले होते आणि त्यांनी निंबाकडेही पाहिलं आणि माझ्याकडेही.

त्यानंतरच्याच शनिवारी त्यांनी बोट ठेवलं, वहीवर वाकून पाहिलं आणि म्हणाले, "एक्केचाळीस. मेडशी."

"पुन्हा ठेवा बोट."

"बी.ए. झाला ना तू? आकडा दुसऱ्यांदा काढत नसते, हे तुले म्या सांगाव?"

आकड्याशी भांडता येत नाही, हे शिकवणारेही तेच होते. सकाळच्या मोटारीनं गेलो. बाप निंबाखाली होता, थोडा वाळलेला. मला पाहून अर्धा उठला आणि परत बसला. "जेवला का?" एवढंच म्हणाला. समोर एक बाई वांगी निवडत होती. बापानं तिच्याकडे पाहिलं, "हा माहा..." म्हणाला आणि माझ्याकडे बघून थांबला. ते थांबणं मी विसरू शकत नाही. वांगं हातात तसंच. तेव्हा किसनभाऊ उकिडवे बसत त्या बाईला म्हणाले, "काकू, हा यांचा पोट्टा हाय. बी.ए. हाय. माह्या कचेरीत हाय अन् माह्याहून हुशार हाय." बाई म्हणाली, "अगं माय! मंग दोन वांगे जास्त टाका ना." बापानं दोन नाही, चार टाकली. मी खाली बसलो आणि मिरच्यांचा वाटा लावू लागलो. दुपारपर्यंत बसलो. त्यानंतर महिन्यातून दोनदा जात राहिलो, आणि सव्वा वर्षानं बाप गेला तेव्हा मी त्याच्या उशाशी होतो.

पुढे मी परीक्षा पास झालो, बढतीवर अकोल्याला आलो. किसनभाऊ गेल्या दिवाळीनंतर एकदा कागद घेऊन इथे आले होते. दोन जिने चढून आले आणि बराच वेळ बोलता येईना. दमा वाढला होता. सायकल विकली म्हणाले. निघताना म्हणाले, "येखांद्या शनिवारी ये ना. आकडा काढून ठेवतो. दोघं असलो तं मोटारीनं जाता येईन." मी म्हटलं, येतो, पुढची परीक्षा झाली की नक्की येतो. त्यांनी मान हलवली. पाहणीचे तक्ते येत होते, पाचाला शेपटी होती, तेव्हा माणूस खुशाल आहे असं मी धरून चाललो... आकड्यांत राहणारा मी, आकड्यांवरून एवढंच ओळखू शकलो.

बातमी कळल्यावर आलेल्या पहिल्या रविवारी मी वाशीमला गेलो. खोली सरूबाईनं झाडून ठेवली होती. म्हणाली, "दर शनिवारी वही काढे, बोट ठेवे. म्या म्हनलं, चालता येत नाई तं कायले आकडे काढता? तं म्हने, पोट्टा येनार हाय. आला अन् आकडा नसला तं पंचाईत होईन." तिनं वही माझ्या हातात दिली. तिच्या मते ती माझीच होती.

शेवटच्या पानावर अकरा ओळी होत्या. अकरा आकडे, अकरा गावं. तिसरा रकाना अकराही वेळा कोरा. न गेलेल्या गावाबद्दल त्यांनी एक अक्षर लिहिलं नव्हतं. मी पानं मागे उलटत गेलो, मेडशीच्या रविवारापर्यंत. तिथे आकड्याच्या रकान्यात एक्केचाळीस नव्हता. अडुसष्ट होता. गावाच्या रकान्यात मेडशी. काय पाहिलं, त्यात फक्त 'वांगी'. आणि बाजूच्या समासात, बारीक अक्षरात, 'आकडा सरकवला. सोयरा होता.'

मी त्यांच्या बाजेवरून उठलो, कपाट उघडलं आणि दारावरच्या यादीत अडुसष्टावा नंबर शोधला. सरूबाई चहा ठेवून गेली, तो निवला.

तेव्हापासून, शनिवारी पाच वाजले की मी दौतीला बूच लावतो. टेबलावर काम उरलेलं असतं, ते तसंच राहतं. कचेरीतले हसतात. अकोल्याहून वाशीमला जायचं, तिथून पुढे कोणत्यातरी गावी, आणि सोमवारी सकाळी पुन्हा हजर, यात ओढाताण होते. बरोबर कोणी नसतं. पारावर एकट्यानं बसलं की लोक विचारतात, कोणाकडे आले, आणि मलाही उत्तर देता येत नाही. अकरांतली चार गावं झाली. पण सगळ्यांत आधी मी यादीतलं अडुसष्टावं गाव गाठलं होतं. ते सावरगाव निघालं, मोटारीच्या रस्त्यापासून कोसभर आत. वहीत सगळीकडे शोधलं. किसनभाऊ तिथे पुढेही कधी गेले नव्हते. तो आकडा त्यांच्या बोटाखाली पुन्हा आलाच नाही.

त्या रात्री वहीत लिहायला बसलो तेव्हा हात थांबला. मग नियम आठवला, जो गेला त्यानं भरायचं. माझ्या पाचांना शेपटी नाही, अक्षर कॉलेजचं, वळणदार. 'अडुसष्ट. सावरगाव. विहिरीचं पाणी मचूळ. पारावर एक म्हातारा भेटला, त्यानं विचारलं, एकटेच आले का. हो म्हटलं.'