जगायला आलेली पोरं

बायजाआत्या आम्हा पोरांची तोंडं नंतर बघायची, आधी हात बघायची. संध्याकाळी पालापुढं सगळ्यांना उभं करायची आणि म्हणायची, "दावा हात. उलटं करा. हां, पळा आता." एखाद्यानं चेष्टेनं बोट दुमडून लपवलं, की अशी सणसणीत शिवी हासडायची की पुन्हा कुणी तसला खेळ करायचं नाही.

ती माझ्या वडिलांची आत्या, पण पालावरच्या सगळ्यांचीच आत्या झालेली. आम्ही माणदेशातले धनगर. लढाईची वर्षं होती, त्यात आमच्याकडं पावसानं तोंड फिरवलं. निम्मी मेंढरं मेली आणि आम्ही चार-पाच घरं कृष्णाकाठच्या एका गावात गुऱ्हाळावर आलो. आमच्याकडं याला 'जगायला जाणं' म्हणतात. गावकरीही आम्हाला 'जगायला आलेली' म्हणायचे. आमची नावं विचारायची त्यांना गरजच वाटायची नाही.

गावचे तरणे गडी पलटणीत गेलेले. मग चरकाशी बसणार कोण? बैल गोल फिरायचे, चरकाचे लोखंडी रूळ फिरायचे आणि त्यांच्यात ऊस सारत बसायचं. हे काम सगळीकडं पोरांच्या गळ्यात पडायचं. मागच्या साली दुसऱ्या एका गावात आत्याच्या नातवाची दोन बोटं उसाबरोबर आत गेली होती. तिथला मालक वर म्हणाला, "पोरगंच झोपाळू हाय तुमचं." ते बोलणं आत्याच्या काळजात रुतून बसलं होतं.

म्हणून इथं आल्या आल्या ती गुऱ्हाळाच्या मालकापुढं, आबासाहेबांपुढं, जाऊन उभी राहिली.

"आवं मालक, मोठी माणसं राबतील. पोरं चरकाशी बसायची न्हाईत. साळंत जातील."

आबासाहेब हसले. "अगं, जगायला आलाय का साळा शिकायला?"

"दोनीला बी. नको असंल तर आमी ह्ये निघालो."

ऊस तोडणीला आलेला, माणसं मिळत नव्हती. मालक कबूल झाले. पण आत्याला तोंडचा शब्द नको होता. तिनं त्यांना बिरोबाच्या देवळात नेलं आणि चारचौघांदेखत बेलभंडारा उचलायला लावला. "जगायला आलेल्यांचं एकबी पोर चरकाशी बसवणार न्हाई," असं मालक मोठ्यानं बोलले. शब्द आत्यानंच सांगितले होते. परत येताना ती म्हणाली, "भंडारा उचलला की माणूस बांधला गेला बगा." भाबडी गं माझी आत्या!

आम्ही शाळेच्या ओसरीवर बसू लागलो. माझा धाकटा भाऊ नामा मेंढरं हाकल्यासारखी बाराखडी ओरडायचा. आत्या चरकाचे बैल नेता-आणताना उभी राहून ऐकायची आणि मास्तरांना म्हणायची, "मास्तर, ह्याला जरा हळू शिकवा, बैल बुजत्यात माजं." मास्तर हसायचे, आणि ती खूश होऊन निघून जायची.

संक्रांत झाली आणि आबासाहेबांनी आमच्या बापयांना वाड्यावर बोलावलं. ओढ्याकाठी घरापुरती जागा देतो म्हणाले, विहिरीचं पाणीही. "आजपास्नं तुमी ह्या गावचं." दुसऱ्या दिवशी नामा शाळेत आला नाही. तो चरकाशी बसला होता.

आत्या धावत गेली. "मालक, भंडारा उचललाय तुमी!"

"जगायला आलेल्यांच्या पोरांसाठी उचललाय, म्हातारे. ही आता आमच्या गावची पोरं."

हरामखोरानं शपथेचं एक अक्षर मोडलं नव्हतं. आत्या माझ्या बापाकडं वळली. "तू तरी बोल की रं."

बाप खाली बघत म्हणाला, "आत्या, हितं पाणी हाय. पोरानं चार कांडकी सारली म्हणून काय हुतंय?"

तेव्हा तिला कळलं. जागेच्या बदल्यात पोरं द्यायची, हे वाड्यावरच ठरलं होतं. सगळ्या बापयांना ठाऊक होतं, आणि एकानंही तिला सांगितलं नव्हतं. मालकाचं सोडा, तो परकाच. पण ज्याला तिनं अंगाखांद्यावर खेळवलं तो माझा बाप? मी त्याला माफ केलं नाही, तो गेल्यावरही नाही.

मुलींना चरकाशी बसवत नसत, म्हणून मी शाळेत राहिले. पुढं सांगलीत मास्तरीण झाले, ती आत्याच्या भांडणावर. नामाची बोटं शाबूत राहिली, पण त्याला वाचायला कधीच आलं नाही. माझ्या शाळेत आला की भिंतीवरचे तक्ते तो चित्रं बघावीत तसे बघायचा. मला तिथं उभं राहवत नसे.

आत्या त्याच आठवड्यात निघाली. उरलेली मेंढरं पुढं, मागं नातू. बाप आडवा गेला, तिचे पाय धरले. "एकली कुठं जातीस आत्या? तिकडं प्यायला पाणी न्हाई."

तिनं शिवी दिली नाही. शांतपणे विचारलं, "तुजं गाव कंचं रं?"

बापानं मान खाली घालून कृष्णाकाठच्या त्या गावाचं नाव घेतलं.

"मग वाट सोड, पावण्या," आत्या म्हणाली. "मला माज्या गावाला जायाचं हाय."