करकोच्यांचा वायदा

नेवेना माझी सून. हाताने चपळ, जिभेने फटकळ. माझा मुलगा गेल्यावर तिने बकऱ्या पाळून पाहिल्या, भागेना. मग इटलीत एका म्हातारीची उस्तवार करायला निघाली. बसमध्ये चढताना चार वर्षांच्या लेकीला, दारिनाला, म्हणाली, "करकोचे आले की मीही आलेच." आपण बोलतो तसं बोलून गेली, पण पोरीने ते गाठीला बांधलं.

मार्च लागला की आम्ही मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतो आणि पहिला करकोचा दिसला की दोरा सोडून फांदीला अडकवतो. दारिनाने ते उलटंच धरलं. दोरा अडकवला की करकोचा येतो, आणि त्याच्यामागून आई. मग काय, आलुबुखाऱ्याच्या झाडाला दोरे, फाटकाला दोरे, बकरीच्या शिंगाला, माझ्या चष्म्याच्या दांडीलासुद्धा. करकोचा आला. पोर अंधार पडेपर्यंत बसथांब्यावर उभी.

तिकडची म्हातारी अंथरुणाला खिळली होती, नेवेनाला निघता आलं नाही. दारिनाने कारण आधीच शोधलं होतं. "मी दोरे लवकर बांधले, म्हणून आई चिडली." मी लाख समजावलं. त्या वयात पाऊससुद्धा आपण रुसलो म्हणूनच पडतो.

पुढे दर वसंतात नवी अडचण. दारिना शाळेत जाऊ लागली. एका हिवाळ्यात भोपळा भरून भाजलेली बनित्सा खाताना म्हणाली, "आजी, करकोचा आफ्रिकेतून येतो, आई इटलीतून. एकाचा दुसऱ्याशी संबंध काय?" पोरगी हुशार निघाली म्हणून मी हसले. त्या वसंतात ती बसथांब्यावर गेली नाही.

म्हातारी वारली तेव्हा नेवेना कायमची परतली. दारिना दहा वर्षांची झाली होती. नेवेनाने मला फोनवर बजावलं होतं, पोर ओरडली तर ओरडू द्या, मध्ये पडू नका. दारिनाने तिची बॅग आत आणली, खुर्ची पुढे केली. शेवटी नेवेनाच म्हणाली, "बोल ना गं काहीतरी. भांड माझ्याशी."

दारिना म्हणाली, "तू निघून आली असतीस तर त्या आजीला पाणी कुणी दिलं असतं? मला इथे आजी होती. मला कळलं ते."

दुसऱ्याच्या जागी उभं राहून बघायला पोर कधीची शिकली होती, आणि ते शिकताना आई जवळ नव्हती. रुसलेल्या पोरीची समजूत काढता येते. हिची काय काढणार?

नेवेना चुलीपाशी आली आणि मला हळूच विचारलं, हिला हल्ली जेवायला काय आवडतं.

"काहीही चालेल," दारिना मागून म्हणाली, "तू दमली असशील."