आधी हात ओला कर

"आधी हात ओला कर," हे माझ्या रूममेटचं ठरलेलं वाक्य. माशाला कोरडा हात लागला की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तो आजारी पडतो, म्हणून. ही सवय तिच्यात इतकी मुरली होती की घरातसुद्धा काही नाजूक उचलायचं असलं की तिचा हात आपसूक नळाखाली जायचा. माझा चष्मा, माझा फोन, एकदा तर माझा नुकता प्रिंट करून आणलेला पेपर. मी कितीदा ओरडले असेन, देव जाणे.

अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावात आम्ही दोघी एका अपार्टमेंटमध्ये राहायचो. मी पुण्याची, स्टॅटिस्टिक्सवाली, अंडंही न खाणारी. ती नागपूरची, सनफिशवर पीएच.डी. करणारी. आता तुम्हीच बघा माझं नशीब. फ्रीजमध्ये माझ्या दह्याशेजारी तिच्या गळाच्या गांडुळांचा डबा! मी कुरकुर केली की ती शांतपणे सांगायची, झाकण घट्ट आहे गं. जसा काही माझा प्रश्न झाकणाचाच होता.

एका रविवारी तिने मला बसने तळ्यावर नेलंच. सनफिश म्हणजे तळहाताएवढा, चपटा, गोड्या पाण्यातला मासा. त्याच्या जाती इतक्या सारख्या दिसतात की मला सगळे एकाच घरचे वाटले. मग तिने गालामागची झडप दाखवली. तिला ती कान म्हणायची. कान पूर्ण काळा असला तर ब्लूगिल. काळ्याच्या टोकाला लाल ठिपका असला तर पम्पकिनसीड, म्हणजे भोपळ्याची बी. मी पटापट दोन-तीन ओळखले आणि फुशारले. पुढच्याच माशाच्या कानावर ठिपका होता खरा, पण फिकट नारिंगी, कुंकू पुसल्यावर मागे राहतं तसा.

"हा दोघांचा," ती म्हणाली. "इथेच सगळे फसतात. इथे घाई करायची नाही."

तळ्यात असे मिसळलेले मासे किती, हाच तिचा विषय. माणसांनाही ती याच नजरेने बघायची. गणपतीच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणी उगाच मोठमोठ्याने बोलायला लागलं की माझ्या कानाशी पुटपुटायची, 'ग्रीन सनफिश, तोंड बघ केवढं मोठं.' मग मला हसू आवरायचं नाही आणि लोक माझ्याकडेच बघायचे.

तिचे बाबा गेले ते नेमके उन्हाळ्याच्या सुरुवातीला. त्याच दिवसांत हे मासे काठाजवळच्या उथळ पाण्यात घरटी करतात, आणि तिचं वर्षभराचं काम त्या थोड्या आठवड्यांवर उभं असायचं. व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली. गेली असती तर परत कधी येता आलं असतं याची खात्री नव्हती. आईनेच फोनवर सांगितलं, येऊ नकोस, बाबांना तुझी डिग्री बघायची होती. ती गेली नाही. अंत्यसंस्कार तिने स्वयंपाकघरात उभं राहून फोनवर पाहिले. मग बाबांचा एक फोटो प्रिंट करून आणला, टेबलासमोर भिंतीला चिकटवला आणि दुसऱ्या दिवशी रबरी बूट घालून तळ्यावर निघाली. मी म्हटलं, अगं, निदान आजचा दिवस तरी राहू दे. तर म्हणाली, मासे थांबत नाहीत. मला तिचा रागच आला. मी वरणभात करून ठेवायचे, ती जेवायची आणि झोपायची.

त्या हिवाळ्यात एकदा तिने मला हाक मारली. प्रत्येक मासा सोडण्याआधी ती त्याचा फोटो काढायची, ते सगळे लॅपटॉपवर उघडले होते.

"कान बघ," ती म्हणाली.

ठिपका फिकट नारिंगी. पुढच्याचा तसाच, त्याच्या पुढच्याचाही. आणि प्रत्येकाखाली तिनेच लिहिलेलं, पम्पकिनसीड. सगळे फोटो बाबा गेल्यानंतरच्या आठवड्यातले. ती म्हणाली, मासे माझ्या हातात होते गं, पण मला ठिपका लालच दिसला.

मी विचारलं, हे फोटो आणखी कुणी तपासणार आहे का? कुणीच नव्हतं. मग गप्प बस, मी स्पष्ट सांगितलं. याच आठवड्यासाठी तू बाबांना शेवटचं बघायला गेली नाहीस, आता तो पाण्यात घालू नकोस. आजही मला ते चुकीचं वाटत नाही.

"म्हणूनच ना," ती म्हणाली. "त्यांना सोडून जे केलं, ते तरी खरं असू दे."

दुसऱ्या दिवशी तिने गाइडला सगळं सांगितलं. माणूस भला, पण तोच आठवडा हंगामाचा मुख्य होता. सगळ्याच फोटोंत कान इतका स्पष्ट नव्हता आणि मासे तर तेव्हाच सोडलेले. घाईत ठरवलेल्या त्या माशांवर त्यांचा भरवसा राहिला नाही, आणि तो आठवडा वगळला तर अख्खा उन्हाळा फुकट. आणखी एका उन्हाळ्यासाठी फंडिंग नव्हतं. पीएच.डी. सोडून, मास्टर्स घेऊन परत जायचं ठरलं.

जायच्या सकाळी तिने गांडुळांचा डबा घासून पालथा घातला. बॅगा दाराशी लावल्या. भिंतीवर फक्त बाबांचा फोटो उरला होता. ती सिंकपाशी गेली, नळ सोडला, हात नीट ओला केला आणि भिंतीसमोर येऊन उभी राहिली. हात वर गेला आणि तिथेच थांबला. बोटांवरून पाणी कार्पेटवर ठिबकत होतं. इतक्या महिन्यांत तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"तू काढ गं," ती म्हणाली. "माझा हात ओला आहे."