मुखडा माझा, अंतरे नंदाचे

"अंतरा उचलून बघ," मालतीकाकू म्हणाल्या. मी उचलला. घशातून नुसती हवा आली.

चिपळूणजवळ अलोऱ्याच्या कॉलनीत आमचा कार्यक्रम होता. मैदान भरलं होतं, पडदा उघडायला थोडाच वेळ होता. ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत आमचा फक्त बायकांचा ऑर्केस्ट्रा होता. मालतीकाकू मालकीणही आणि अ‍ॅकॉर्डियनवरही त्याच. मी लीड सिंगर. लागोपाठ कार्यक्रम झालेले, त्यात उघड्या टेम्पोतून लाल धूळ खात आलो. घसा तरी किती सोसणार?

गाण्याची पुन्हा पुन्हा येणारी पहिली ओळ म्हणजे मुखडा. तो बहुधा खालच्या सुरांत असतो. मधलं कडवं म्हणजे अंतरा, तो वर चढतो. माझा मुखडा कसाबसा निघत होता, अंतऱ्याला आवाज फाटत होता. पट्टी उतरवता येते, म्हणजे सगळं गाणंच खालच्या सुरावर घेता येतं. पण मग इतक्या खाली कोरसच्या मुली ऐकूच आल्या नसत्या.

कमिटीचे सेक्रेटरी घाम पुसत आत आले आणि माझ्याकडे वळले. "बाई, हँडबिलावर तुमचं नाव आहे. लोक चिपळुणाहून आलेत."

"मुखडे होतील," काकू म्हणाल्या.

"नुसत्या मुखड्यांचं काय करू? ती मागची पोरगी गाते ना? तिलाच गाऊ दे की सगळं."

ती म्हणजे नंदा. रत्नागिरीजवळच्या भाट्याची. चार वर्षं माझ्या मागे कोरसला उभी राहायची. माझी सगळी गाणी तिला पाठ होती आणि वरचा सूर माझ्याहून मोकळा होता. या धंद्यात लीड सिंगर एकदा मागे सरली की तिला कोणी पुढे बोलावत नाही. मी स्वतः अशाच एकीच्या जागी आले होते.

नंदाने पदर खोचला. "अंतरे मी गाईन. मुखडा हिचाच. नायतर मी नाय उभी रहायची."

"तुला मुखडा येत नाही?" सेक्रेटरींनी विचारलं.

"येतो. म्हणून काय झालं?"

काकूंनी वाद मिटवला. "सगळी गाणी दोघींची. चला."

पहिलंच कोळीगीत होतं. मी मुखडा धरला, नंदा अंतऱ्याला चढली आणि मैदान शिट्ट्यांनी दणाणलं. वन्स मोअर! वन्स मोअर अंतऱ्याला होता. रिवाजाप्रमाणे तिने तेवढाच परत गायला असता तर कुणीही नावं ठेवली नसती. पण ती माइकपासून बाजूला झाली आणि मला कोपराला धरून पुढे ओढलं.

"आधी मुखडा घे गो. मग मी."

त्या क्षणी मला रडू आलं असतं. पण रडले असते तर होता तेवढाही आवाज गेला असता.

कार्यक्रम शेवटपर्यंत निभावला. पंधरवड्याने घसा मोकळा झाला, आणि मी पुढे बरीच वर्षं लीड गायले. पुढच्या हँडबिलावर नंदाचं नाव माझ्या शेजारी हवं, हे मात्र मी काकूंकडे हट्टाने मागून घेतलं.

त्या रात्री परतताना टेम्पोत मी तिला विचारलं होतं, "सगळं तूच का नाही गायलीस?"

"उद्या माझा घसा बसला तर मला कोण आहे?" ती म्हणाली आणि झोपून गेली.

घशाला जपा, हे गाणाऱ्या मुलींना सगळेच सांगतात. मी सांगते, कोरसमध्ये कोण उभं आहे तेही जपा.