धाकलूचं थंड घर

आमच्या गावात कुणाला घर बांधायचं असलं की तो आधी धाकलूकडे जायचा, चहा प्यायचा, तासभर सल्ला ऐकायचा आणि मग त्यातलं काहीही न करता चारचौघांसारखं घर बांधायचा. धाकलूला त्याचं काही वाटायचं नाही. मला वाटायचं. मी त्याचा शेजारी. आयुष्य एसटीत तिकिटं फाडण्यात गेलं, त्यामुळे माणसं सांगतात कुठलं आणि उतरतात कुठे हे मला चांगलं माहीत आहे.

गाव आमचं वैशाखऱ्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्यापासून थोडं आत. पावसाळ्यात पाऊस आडवा येतो आणि उन्हाळ्यात डोंगराचा कातळ तापून सगळी धग खाली सोडतो. धाकलूने इथेच स्वतःच्या हाताने घर बांधलं होतं. त्याने आणि देवकीवहिनीने, भाताची कामं आवरली की थोडं थोडं करत. गवंडी नाही, ठेकेदार नाही.

जोतं काळ्या दगडाचं, कमरेएवढं उंच, म्हणजे पावसाचं पाणी मातीला लागत नाही. भिंती कुडाच्या, म्हणजे कारवीच्या काटक्या विणून मातीने लिंपलेल्या, पण एका कुडावर तो थांबला नाही. दोन कुड उभे केले आणि मधल्या जागेत भाताचं तूस, माती आणि चुना कालवून ठासला. चुना कशाला, तर उंदीर आणि वाळवी लागू नये म्हणून. पश्चिमेला बुटकी पडवी काढून तिच्यात सरपण आणि पेंढा भरला. दुपारचं ऊन पडवीलाच लागायचं, आत यायचंच नाही. पडवीच्या बाहेर करंज. वर कौलं, कौलांखाली माळा, माळ्यावर भाताच्या कणग्या. छप्पर आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर फट सोडलेली, गरम हवा तिथून निघून जायची. स्वयंपाकघरावर काचेची कौलं बसवली होती, म्हणून दिवसा दिवा लावायची गरज नव्हती. चुलीचा धूर वाशांना लागला पाहिजे, नाहीतर भुंगा बांबू खातो, असं तो म्हणायचा आणि गॅस आल्यावरही संध्याकाळची भाकरी चुलीवरच करायला लावायचा. वहिनी त्यावरून त्याला शिव्या द्यायच्या, पण करायच्या.

घरात एक पंखा होता. तो पाहुणे आले की लावायचे, मान म्हणून. मी रिटायर झाल्यावर स्लॅबचं घर बांधलं आणि मे महिन्याच्या दुपारी त्याच्या ओटीवर जाऊन आडवा होऊ लागलो, यावरून काय ते समजा.

एवढं सगळं चांगलं चाललेलं असताना दिपेशचं लग्न आडवं आलं.

दिपेश हा त्याचा एकुलता एक मुलगा. शहापूरजवळ हायवेच्या गोदामात कामाला, मोटारसायकलने जाऊन येऊन करणारा, शांत, निर्व्यसनी. तरी लग्न ठरत नव्हतं. आमच्याकडे सोयरीक पक्की करण्याआधी मुलीकडची पुरुषमंडळी घर बघायला येतात. मुलगी येत नाही, तिची आईही येत नाही. चार-सहा टोप्या जीपमधून उतरतात, ओटीवर बसतात, पाणी पितात आणि वर बघतात. वर स्लॅब असला तर बोलणी पुढे जातात. कौलं असली तर "कळवतो" म्हणून उठतात.

धाकलूच्या ओटीवर बसून अशा कितीतरी मंडळींनी वर बघितलं. घामाने भिजून आलेली माणसं, बसल्या बसल्या त्यांचा घाम सुकायचा. एक जण तर चक्क म्हणाला, "काय गारवा हाय हो तुमच्याकडं!" आणि नंतर कळवलं की घर कच्चं आहे. मला त्या माणसाचा एवढा राग आला की तो भेटला असता तर मी त्याला घाटात उतरवला असता.

दिपेशचं वय वाढत चाललं. त्याच्या बरोबरीच्यांची पोरं शाळेत जायला लागली. त्याने गावातल्या लग्नांना जायचं बंद केलं. एकदा देवकीवहिनी धाकलूला माझ्यादेखत म्हणाल्या, "तुमचा गारवा घेऊन काय करू? पोरगा तसाच राहील माजा."

मग कसाऱ्याकडचं एक स्थळ आलं. मुलगी कुणाली, बारावी झालेली, वडील नाहीत, मामाने वाढवलेली. मामाचं नाव चांगो. आम्ही मुलगी बघायला गेलो तेव्हा बघतो तर चांगोचं स्वतःचं घर कुडाचं आणि कौलारू. मला बरं वाटलं. म्हटलं, या माणसाला तरी कळेल. चांगो घर बघायला आला, धाकलूच्या भिंतीवर हात फिरवला, पडवी बघितली, माळ्यावर डोकावला. सगळं त्याच्या ओळखीचंच होतं. शेवटी ओटीवर बसून म्हणाला,

"पावनं, घर झ्याक हाय. पन पोर मी मातीच्या घरात देनार नाय."

मी म्हणालो, "तुमी सोता कशात ऱ्हाता?"

"आमी राह्यलो. आमची कंबर सारवून सारवून गेली. पोरीला कशाला? स्लॅब टाका, पोर देतो."

पोरीचं बरं व्हावं असंच तो बोलत होता. धाकलूने मान खाली घातली आणि म्हणाला, "टाकतो."

मी त्याला म्हटलं, पुढे एक खोली काढ स्लॅबची, त्यांना दाखवायला. मागचं घर राहू दे. त्यालाही ते पटलं होतं. पण दिपेशने पहिल्यांदाच आवाज चढवला. "लोकं हसतील बाबा. पुढं बंगला नि मागं झोपडी?" धाकलूने माझ्याकडे बघितलं, पोराकडे बघितलं, आणि दिवाळीनंतर भात झोडून झालं तेव्हा घर उतरवायला घेतलं. उतरवतानाही त्यानेच उतरवलं. कौलं एकही न फोडता खाली घेतली आणि गोठ्यावर चढवली. मिक्सरची गाडी आत येईना म्हणून करंज तोडला. त्या दिवशी तो जेवला नाही.

ठेकेदार शहापूरचा होता. धाकलू त्याला सांगायला गेला की पश्चिमेला खिडकी नको, वर झरोके ठेव, स्लॅब पुढे दोन हात बाहेर काढ म्हणजे भिंतीवर सावली राहील. ठेकेदार म्हणाला, "काका, तुमी बसा निवांत." पश्चिमेलाच मोठी सरकती खिडकी आली, निळ्या काचेची. दिपेशला ती फार आवडली.

लग्न वैशाखात झालं. मांडवात चांगो सगळ्यांना वर बोट करून स्लॅब दाखवत होता, जणू त्यानेच टाकला.

लग्नाच्या दुसऱ्याच दिवसाची गोष्ट. दुपारची वेळ. त्या घरात पंखा फुल्ल फिरत होता आणि गरम वारा खाली ढकलत होता. धाकलू गोठ्यात म्हशीशेजारी बाजेवर बसला होता, कारण कौलं तिथे होती. मीही तिथेच होतो. कुणाली पाण्याची कळशी घेऊन आली, डोक्यावरचा पदर सावरत उभी राहिली आणि विचारलं,

"बाबा, ते थंड घर कुठं हाय?"

"कोंचं घर?"

"तुमचं. माझ्या मैत्रिणीचं लग्न होतं ना इथं, तवा आमा पोरींना तुमच्याकडंच उतरवलं होतं. दुपारभर झोपलो आमी आत, गार भुईवर. आईंनी पन्हं दिलेलं. तुमचं स्थळ आलं तवा मी मामीला बोलली, ते घर असेल तर हो सांगा."

मीच म्हणालो, "अगो, मग तुझ्या मामाला का नाय सांगितलंस?"

"मामा बोलले स्लॅब टाकायला सांगितलाय. मला वाटलं, पुढं खोली काढतील." तिने गोठ्याकडे, कौलांकडे बघितलं. मग तिला कळलं. "पाडलं?" एवढंच म्हणाली आणि कळशी तिथेच ठेवून आत गेली.

मला इतकी चीड आली की काय सांगू. ज्या पोरीसाठी सगळा आटापिटा केला तिलाच विचारायचं राहिलं! टोप्या आल्या, टोप्यांनी ठरवलं. धाकलूने आयुष्यभर वाऱ्याला विचारलं, उन्हाला विचारलं, मातीला विचारलं. पण सुनेला काय हवं हे विचारायचं असतं, हे ना त्याला सुचलं ना मला. आमच्याकडे तशी रीतच नाही.

धाकलूने मात्र हात टेकले नाहीत. स्लॅबवर चुना फासला, दोन हात, गोंद घालून. त्याने फरक पडला. मग वर पेंढा अंथरून त्यावर बारदानं टाकली आणि संध्याकाळी पाणी मारू लागला. त्यानेही फरक पडला. दुधीचा वेल वर चढवायचं त्याच्या मनात होतं. निळ्या काचेच्या बाहेर त्याने बांबूचा तट्टा टांगला. खोली बसण्याजोगी झाली, कुणाली दुपारी शिवणाचं मशीन घेऊन बसू लागली.

तेवढ्यात चांगो भाचीला भेटायला आला. स्लॅबवरचा पेंढा त्याला रस्त्यावरूनच दिसला. "व्याही, गोठा केलाव काय घराचा?" चारचौघांत म्हणाला. दिपेशचे कान लाल झाले. त्याच संध्याकाळी त्याने पेंढा खाली फेकला, तट्टा काढला आणि आठवड्याभरात हप्त्यावर कूलर आणला. लाईट गेली की कूलर बंद, आणि आमच्याकडे लाईट दुपारीच जाते.

दुसऱ्या वर्षी माघात कुणाली बाळंतपणाला चांगोकडे गेली. मुलगा झाला. महिना उलटला, दोन उलटले, ती येईना. निरोप आला की पाऊस पडल्याशिवाय बाळाला त्या घरात आणणार नाही. दिपेश चिडला, देवकीवहिनी रडल्या. धाकलू एवढंच म्हणाला, "बराबर हाय तिचं."

शेवटी चैत्रात तो नातवाला बघायला निघाला, सोबत मला घेतलं. शहापूरला गाडी बदलून कसाऱ्याकडे गेलो. पोचेपर्यंत ऐन दुपार झाली. चांगोने आम्हाला आत बसवलं. बाळ झोळीत गाढ झोपलेलं. धाकलूने आधी बाळाच्या कपाळाला हात लावला, मग मागच्या भिंतीला. चटईवर टेकला, आणि बोलता बोलता त्याला झोप लागली. असा झोपलेला मी त्याला दोन उन्हाळ्यांत बघितला नव्हता.

जागा झाला तेव्हा चांगो चहा घेऊन समोर बसलेला.

"लागली झोप, व्याही? आमच्याकडं कोनाला बी लागते."

"हो. घर थंड हाय तुमचं."

"शेवटचाच उन्हाळा हाय हा. दिवाळीनंतर पाडतो. स्लॅब टाकायचाय. आमच्या पोराचं, स्वरूपचं, लगीन बघायला लागलोय आता. कौलं बघून परत जातात साले."

झोळी हलवणाऱ्या कुणालीचा हात थांबला. ती धाकलूकडे बघत होती. मीही बघत होतो. म्हटलं, आता तरी हा माणूस बोलेल. त्याच्याइतका बोलायचा हक्क कुणाला आहे?

धाकलूने बशीत चहा ओतला, संपवला, बशी खाली ठेवली. "सेंटरिंगवाला बघून घ्या नीट," तो म्हणाला. "आनि पश्चिमेला खिडकी ठेवू नका."

"मामा," कुणाली म्हणाली, "जी पोर येनार हाय तिला तरी विचारा आधी."

चांगो मोठ्याने हसला. "अगो येडे, स्लॅब नाय तर पोर नाय. मग विचारू कोनाला?"